लंगडी घालणारा सरपंच

कानिफनाथ सरपंच झाला, कारण तो कुणाच्या बाजूचा आहे हे त्याचं त्यालाही सांगता येत नसे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या खडकदऱ्यात दोन आळ्या होत्या. वरच्या आळीचे सहादेव आबा आणि खालच्या आळीचे मच्छिंद्र तात्या एकमेकांचा माणूस निवडून येऊ देईनात. शेवटी दमून दोघांनी कानिफवर बोट ठेवलं. मी मूळचा बेलापूरचा. त्याच वर्षी बदली होऊन तिथल्या शाळेवर आलो होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

ग्रामसभेत कानिफ "बसा" म्हणाला की कुणी बसत नसे. मग तोच बसायचा. एकदा भर सभेत कुणीतरी त्याला चहा सांगायला पिटाळलं. किटली घेऊन तो परत आला तोवर सभा संपून माणसं घरी गेली होती. टाकून कसा द्यायचा म्हणून सगळा चहा त्यानं एकट्यानं संपवला.

घरी येऊन तो तोंड पाडून बसे. त्याची बायको राहीबाई वैतागली. "सरपंच हाय का पाव्हना? बसून काय हुनार? जा, शेळ्या घीऊन डोंगराला जा."

तो बहात्तरचा दुष्काळ होता. डोंगरावर गवताची काडी नव्हती, शेळ्या बोरीबाभळीला तोंड लावत हिंडायच्या. कानिफनं हाका मारल्या, खडे मारले, तरी एक शेळी वळेना. चार दिवस असेच गेले. मग त्याच्या टाचेत काटा मोडला. पाय वर धरून, "आई आई" करत तो लंगडत निघाला, तशा सगळ्या शेळ्यांनी चरणं थांबवलं. रांगेनं त्याच्या मागं आल्या. काटा काढून तो नीट चालू लागला तर पांगल्या. त्यानं पुन्हा लंगडी घातली, पुन्हा आल्या.

मग तो रोज लंगडीच घालू लागला. समोरच्या कड्याला ओरडून विचारायचा, "येतू का रं?" आणि कडाही तेच विचारायचा. दोघांची खूप वेळ बोलाचाली चाले. गावात कुजबुज झाली की सरपंचाला डोंगरावरच्या कशानं तरी धरलंय. राहीबाई म्हणाली, "धरू द्या. त्याला भूक लागाया लागलीय, झोप लागती. लई बरं हाय."

पुढं सरकारनं दुष्काळी कामात गावाला पाझर तलाव मंजूर केला. आबांना तो वरच्या ओढ्यावर हवा होता, तात्यांना खालच्या. ओव्हरसियर साहेबांनी बजावलं, सोमवारपर्यंत जागा ठरवा, नाहीतर काम दुसऱ्या गावाला जाईल. म्हणजे हाताला काम नाही आणि पुढं प्यायला पाणीही नाही.

रविवारी मारुतीच्या पारावर सभा भरली. बायाही कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. आबा आणि तात्या एकाच वेळी बोलत होते. कानिफनं दोनदा "ऐका" म्हटलं, कुणी ऐकलं नाही. मग त्यानं धोतर खोचलं, एक पाय उचलला आणि लंगडी घालत सभेतून बाहेर पडला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या.

"येड लागलं काय रं ह्याला?" आबा म्हणाले.

"बगू तरी, कुटं जातुया," तात्या म्हणाले. दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळं गाव त्याच्या मागं निघालं. डोंगराच्या पायथ्याशी कानिफ वळला. कड्याशी बोलून त्याचा आवाज असा मोकळा झाला होता की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

"म्होरं लंगडीतच यायचं. पाय टेकला त्यो बाद. बाद झाला त्यानं तळ्याव बोलायचं न्हाई."

हे का मानायचं, असं कुणी विचारलं नाही. आबांनी पाय उचलला म्हणून तात्यांनी उचलला. आबा पहिल्याच वळणावर बसले. तात्या जरा पुढं गेले आणि बाभळीला मिठी मारून उभे राहिले. मीही बाद झालो. बाकी सगळे पुरुष वाटेवर ठिकठिकाणी मुकाट बसले. कानिफमागं माथ्यावर पोचल्या त्या कासोटा खोचलेल्या चार बाया आणि त्याच्या शेळ्या. त्या बायांतल्या बनुबाईंनी दम खाऊन दोन्ही ओढे मिळतात तिथं बोट दाखवलं.

"तितं करा. घागर घीऊन दोनी आळीच्या बायांला सारखंच चालावं लागंल."

सोमवारी साहेबांची जीप आली. "जागा कुठली?" त्यांनी आबांना विचारलं.

"मी बाद हाय," आबा म्हणाले.

"म्हणजे?"

"मी बी बाद हाय," तात्या म्हणाले.

साहेब माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुम्ही तरी सांगा." मी कानिफकडं बोट दाखवलं.

कानिफ म्हणाला, "चला, दावतो," आणि एक पाय उचलला. साहेब खूप चिडले. पण मागून शेळ्यांचा लोंढा आला, दोन्ही पायांवर उभं राहायला जागा उरेना, आणि बुटांसकट साहेबही चार उड्या मारून गेले. जागा त्यांना पटली. दुसऱ्या दिवशी कुदळी पडल्या.

पुढं मी कानिफला एकदा विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"सुचलं कुटं, गुरुजी? मागनं हाकललं की कुनी जात न्हाई, एवढं डोंगरावं कळलं. म्होरं हून खेळलं की बगाया तरी येत्यात. आन् मला दुसरा खेळ कुटं येतुया?"

पुढच्या पावसाळ्यात तळं निम्मं भरलं. जलपूजनाला नारळ फोडायची वेळ झाली तरी सरपंचाचा पत्ता नव्हता. मी शोधत वर गेलो. उताराच्या कडेला कानिफ आडवा पडून सहादेव आबांना गडगडत खाली कसं जायचं ते शिकवत होता. आबा पागोटं पोटाशी धरून म्हणत होते, "आदी तू जा. आदी तू."