तक्तेबाईंचं शुद्धिपत्रक

वीज कार्यालयात माझं टेबल आवक-जावकचं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, आणि दोन शिक्क्यांच्या मध्ये शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघायचं. शेजारच्या टेबलावर तक्तेबाई बसायच्या.

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. कार्यालयातले सगळे तक्ते त्या करायच्या, म्हणून त्या तक्तेबाई. रजेचा तक्ता, मीटर वाचणाऱ्यांच्या फेऱ्यांचा तक्ता, पिण्याच्या पाण्याची टाकी कोणी कधी घासायची त्याचा तक्ता. अंगानं काडी, आणि आवाज असा की शेजारी बसूनही कान द्यावा लागे. पण कोणी लाडीगोडी लावायला आलं, की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "तक्त्यात नाही." विषय संपला.

त्या वर्षी धरणं तळाला गेली आणि कोळशाच्या गाड्या वेळेवर येईनात. वरून हुकूम आला, की शहरात रोज रात्री ठरवून वीज बंद ठेवायची, प्रत्येक विभागाला दीड तास. आमच्या शहराचे सहा विभाग आणि रात्रीच्या तीन पाळ्या: सात ते साडेआठ, साडेआठ ते दहा, दहा ते साडेअकरा. कुठला विभाग कधी अंधारात बसणार, याचा तक्ता दर आठवड्याला निघायचा. करणार तक्तेबाई, सही साहेबांची.

साहेब माणूस चांगला, पण सही करताना नजर कागदावर कधी नसायची. फोनवर बोलता बोलता, चहा पिता पिता, एकदा तर शिंकता शिंकता त्यांनी सही केलेली मी पाहिली आहे.

पाच महिने तक्तेबाईंनी शहराला अंधार वाटला, आणि कोणाला बोट ठेवायला जागा म्हणून ठेवली नाही. एरवी आमच्या दाराकडे न फिरकणारे लोक त्यांच्या टेबलाशी येऊ लागले. नाटकगृहाचा व्यवस्थापक आला, बेकरीवाला आला, सातच्या बातम्या चुकतात म्हणून एक निवृत्त न्यायाधीश काठी टेकत आले. सगळ्यांना एकच उत्तर. स्वतः बाई राहायच्या विभाग सहामध्ये. कोणी वशिला म्हणायला नको म्हणून तो विभाग त्या ऐन जेवणाच्या वेळी अंधारात घालायच्या. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर मेणबत्तीत जेवायला इतके सरावले होते, की एके दिवशी दिवे असताना जेवायला बसले आणि म्हणाले, "आज भाजी काळी का दिसते?" बाई म्हणाल्या, "रोजच काळी असते."

अशा बाईचा पाय घसरला तो नणंदेमुळे.

नणंद म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याचं फरशीचं दुकान, म्हणून तो फरशीवाला. त्यांनी विभाग चारमध्ये नवं घर घेतलं आणि दिवाणखान्यात सत्तावीस दिव्यांचं झुंबर टांगलं. कार्यालयाचा फोन माझ्या टेबलावर असायचा आणि नणंदेचा आवाज असा, की रिसीव्हर बाईंच्या कानाला आणि ऐकणारा मी. एका शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला.

"अगं, उद्या चाळीस माणसं जेवायला बोलावली आहेत, साडेआठला. झुंबर बघायला. उद्या आमच्याकडचे दिवे कधी जाणार?"

"दहा ते साडेअकरा, वन्सं."

"मग हरकत नाही. दहापर्यंत सगळ्यांचं बघून होईल. तू मात्र सहालाच ये, वाढायला हाताखाली कोणीतरी लागेलच. आणि हे बघ, ते निळं पातळ नेसून येऊ नकोस. लोकांना पाठ झालंय ते."

"बरं."

"आणि भाऊला म्हणावं, दाढी नीट कर. आमच्याकडे उजेड फार आहे."

बाईंनी फोन ठेवला. लाल-निळ्या पेन्सिलीला आधी लाल बाजूनं टोक काढलं, मग निळ्या बाजूनं. मग टाइपरायटरमध्ये कागद सरकवला आणि चार ओळी खडाखड बडवल्या.

'शुद्धिपत्रक. टंकनदोषामुळे चालू आठवड्याच्या तक्त्यात चूक झाली आहे. शनिवारी विभाग चार साडेआठ ते दहा व विभाग दोन दहा ते साडेअकरा असे वाचावे.'

साहेब तेव्हा फोनवर दंतवैद्याची वेळ घेत होते. सही झाली. कागद माझ्याकडे जावकला आला. मी शिक्का मारला आणि, माझी वाईट सवय, वाचला.

"बाई," मी म्हणालो, "विभाग चार म्हणजे तुमच्या..."

"टंकनदोष," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पाच महिन्यांत एकही होऊ नये म्हणजे अतीच नाही का?"

एक प्रत वीज उपकेंद्राला गेली. दुसरी फलकावर लागली, तिथे रजेचा तक्ता सोडून कोणी काही वाचत नसे.

जेवणाचं आमंत्रण मलाही होतं. फरशीवाल्याचा नव्या मीटरचा अर्ज मी ढिगातून जरा वर काढला होता, त्याची ती परतफेड. शनिवारी मी सव्वाआठलाच हजर झालो. असा योग चुकवणाऱ्यातला मी नव्हे.

तक्तेबाई तेच निळं पातळ नेसून आल्या होत्या. मास्तरांनी दाढी केली नव्हती. झुंबर पेटलेलं होतं आणि खाली पाहुणे माना वर करून उभे होते. नणंद मधोमध उभी राहून कुठला लोलक कुठे बसवायला किती वेळ लागला ते सांगत होती. ती सोळाव्या लोलकापर्यंत आली आणि साडेआठ वाजले. आमची उपकेंद्रातली माणसं वेळेची पक्की.

झुंबर विझलं. मग एक "अगंबाई!", मग एक ताट पडल्याचा आवाज, मग कोपऱ्यातून फरशीवाल्याचं "आई गं, गुडघा!" एवढ्या मोठ्या घरात मेणबत्ती निघाली एकच, तीही केकवर लावायची, करंगळीएवढी.

मी भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे सरकलो. आत नणंद स्टुलावर बसून रडत होती. मोठ्यानं नाही, नाक ओढत.

"वीस वर्षं दोन भाड्याच्या खोल्यांत काढली गं," ती कोणाला तरी सांगत होती. "माणसं आली की खाली मान घालून जायची, दार एवढं बुटकं. एक दिवस लोकांनी वर बघावं, एवढंच होतं माझं."

समोर तक्तेबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पण नंतर जो आवाज आला तो त्यांचा आहे हे कळायला मला क्षणभर लागलं, कारण तो बाहेर अंगणापर्यंत गेला असेल.

"वन्सं, उठा. मीठ कुठे आहे ते सांगा. आणि भाताचं पातेलं इकडे द्या."

त्यांनी पिशवीतून डझनभर मेणबत्त्या काढल्या. मग दिवाणखान्यात येऊन चाळीस माणसांचा त्यांनी उभ्या उभ्या तक्ता केला. "भिंतीकडचे सगळे अ. खिडकीकडचे ब. अंगणातून आत या, तुम्ही क. अ भात घेऊन ब कडे देईल, ब रस्सा क कडे देईल. मध्ये कोणी उठायचं नाही." दोन डॉक्टर, एक वकील आणि बँकेचे मोठे साहेब मुकाट्यानं भात पुढे सरकवू लागले. वकिलाला ब मध्ये का घातलं म्हणून तो कुरकुरला. बाई म्हणाल्या, "तक्त्यात आहे."

जेवणं होत आली आणि मास्तर एका मेणबत्तीपुढे जाऊन बसले. त्यांनी हात वर धरले आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर फरशीवाल्याचं नाक उमटलं. मागोमाग पोट. सावलीतला फरशीवाला गिऱ्हाइकाला फरशी दाखवायला वाकला, आणि त्याला वर येता येईना. लोक हसून हसून आडवे झाले. सगळ्यात जास्त फरशीवालाच हसला. नंतर वकील झाला, बँकेचे साहेब झाले. 'आता माझं करा, माझं करा' म्हणून बायकांनी मास्तरांना घेरलं. ज्या माणसाला आजवर कोणी जेवताना आणखी भात हवा का एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, त्याच्याभोवती माणसं गोळा झाली होती.

बरोबर दहाला झुंबर पेटलं. सत्तावीसच्या सत्तावीस दिवे डोळ्यांत घुसले. चाळीस माणसं एका सुरात ओरडली, "बंद करा!"

बटणाकडे सगळ्यात आधी धावली ती नणंद.

सोमवारी साहेब आले ते गाल सुजवून. ते शनिवारी संध्याकाळी दाताला गेले होते, आणि दंतवैद्याचा दवाखाना विभाग चारमध्ये. सुरू करण्याआधी त्यानं विचारलं होतं, "दिवे जाणार नाहीत ना?" साहेब म्हणाले होते, "दहापर्यंत निश्चिंत राहा, मीच सही केलीय." दात अर्धा कोरून झाला आणि यंत्र थांबलं. मग साहेब दीड तास तोंडात कापूस घालून, आ वासून बसले. दंतवैद्यानं तेवढ्या वेळात वीज कार्यालयाबद्दलचं आपलं मत सविस्तर सांगितलं, आणि साहेबांना एका शब्दानंही उत्तर देता आलं नाही.

"कोणी?" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "विभाग चारची वेळ कोणी बदलली? मी त्याला..."

तक्तेबाई उठल्या आणि फाइल उघडून पुढे ठेवली. साहेबांनी शुद्धिपत्रक वाचलं. मग खालची सही वाचली. बराच वेळ वाचली. शेवटी गालावर हात ठेवून म्हणाले, "हं. यापुढे प्रत्येक कागद मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मगच सही."

ती बाईंची शिक्षा झाली. सहा विभाग, तीन पाळ्या, सात दिवस, मोठ्यानं.

दुपारी डबा खाताना बाई मला म्हणाल्या, "मला दोन रात्री झोप नाही. एका माणसाला रडवायला चार ओळी पुरतात, हे मला ठाऊक नव्हतं." आणि लगेच, "पण नाक काय हुबेहूब केलं होतं यांनी!" आणि त्यांना डब्यावरच हसू फुटलं.

बुधवारी नणंद स्वतः कार्यालयात आली. तक्तेबाई उठून उभ्या राहिल्या.

"बस," नणंद म्हणाली. "मी काय खुळी आहे? शुक्रवारी दहा म्हणालीस, शनिवारी साडेआठला गेले. आणि तुझ्या पिशवीत डझनभर मेणबत्त्या!"

"त्या रोजच असतात. पण चुकलं माझं, वन्सं."

"चुकलंच. रागवायला मला आयुष्य पडलंय, ते सावकाश करते. रविवारपासून फोन खाली ठेवू देत नाहीत लोक. असं जेवण शहरात झालं नाही म्हणतात. जे आले नव्हते ते रुसलेत. मला पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार हवाय. साडेआठ ते दहा."

"तक्त्यात नाही," बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मला राहवेना. मी म्हणालो, "ताई, घरातला मेन स्विच बंद केला की झालं."

नणंदेनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आपण घालवले तर लोक चिक्कू म्हणतात. सरकारनं घालवले तर आपण संकटात काय थाट ठेवला म्हणतात."

"मग अर्ज करा," तक्तेबाई म्हणाल्या, आणि कोरा कागद पुढे केला.

आवकेच्या वहीत मी तो अर्ज स्वतः चढवला. विषय: अंधार मिळणेबाबत. साहेबांनी तो मोठ्यानं वाचून घेतला, दोनदा, आणि शेरा मारला: 'विभाग चारमधील किमान दीडशे अन्य ग्राहकांची लेखी संमती जोडावी.' त्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. त्यांनी नणंदेला ओळखलं नव्हतं.

ती संमत्या गोळा करायला निघाली. पण विभाग कुठे सुरू होतो आणि कुठल्या गल्लीत संपतो, हे साऱ्या शहरात एकाच बाईला पाठ होतं. म्हणून साडेपाचला कार्यालय सुटलं की दोघी निघायच्या, नणंद घंटी वाजवायला आणि तक्तेबाई सही कुठे करायची ते दाखवायला. चार संध्याकाळी त्या अशा फिरल्या. बावीस वर्षांत दोघी बसून जेवढं बोलल्या नव्हत्या, तेवढं त्या जिन्यांवर धापा टाकत बोलल्या. तिसऱ्या दिवशी बाई मला सांगत होत्या, "वन्संना लहानपणी अंधाराची भीती वाटायची म्हणे. हे लहान असून यांचा हात धरून झोपायच्या." एकशे चौऱ्याऐंशी सह्या जमल्या. दंतवैद्यानं मात्र दार उघडलं, विषय वाचला आणि दार लावलं.

अर्ज पुरा झाला त्याच आठवड्यात कोळसा आला आणि वरून तार आली: रात्रीची वीजबंदी रद्द. शहरानं काय जल्लोष केला! लोक उगाच दिवे लावत-मालवत बसले. सबंध शहरात दोनच माणसं चिडलेली होती.

"आधी सांगायला काय झालं होतं यांना?" नणंद माझ्या टेबलाशी येऊन कडाडली, जणू कोळसा मीच आणला. "एकशे चौऱ्याऐंशी घरं चढले मी!"

"आठ दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं," तक्तेबाई म्हणाल्या. हे वीज कार्यालयात, कामाच्या वेळेत, ऐकू येईल एवढ्या आवाजात.

वीजबंदी रद्द झाल्याची सूचना त्यांनीच टाइप केली. साहेबांपुढे उभ्या राहून मोठ्यानं वाचली, सही घेतली, मला दिली. साडेपाचला खिडकीतून मी पाहिलं तर फाटकाशी नणंद उभी होती. आता संमत्या नव्हत्या, घंट्या नव्हत्या, तरी दोघी निघाल्या. त्यानंतर पुढची नऊ वर्षं, बाई निवृत्त होईपर्यंत, त्या तशाच निघत. आणि रोज भांडत. नणंदेला भरभर चालायचं असे, आणि तक्तेबाई दर कोपऱ्यावर थांबून कुठला विभाग संपला ते तिला सांगत.