वन्संची साखर

माझ्या थोरल्या नणंदेइतकी हट्टी बाई ठाण्यापासून कल्याणपर्यंत झाली नाही. कल्याणच्या पुढचं विचारू नका, कारण पुढे टिटवाळ्यात त्या स्वतःच राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एक खोली आणि गुळाचा डबा एवढाच संसार. पिठल्यात गूळ, कारल्यात गूळ. त्यांच्या हातचं कारलं खाल्लं की ते कारलं आहे हे सांगावं लागायचं. आणि घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर. मग तो परीक्षेला निघालेला असो की रॉकेलच्या रांगेत उभा राहायला. डोंबिवलीला आमच्याकडे आल्या की केरवाल्या बाईलाही सोडत नसत. ती म्हणायची, "मावशी, केर टाकायला चाललेय, लग्नाला नाही." वन्सं म्हणायच्या, "केर तरी नीट पडू दे."

ऐंशीचं दशक सरता सरता आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. ठाण्याच्या हॉस्पिटलात मशीनवर रक्त धुऊन आणायचं आणि आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचं, एवढंच उरलं. नात्यातलं कुणी किडनी देणारं असेल तर बघा, असं डॉक्टर म्हणाले. माझा रक्तगट जुळेना. दोन दीर होते, त्यांना एकाएकी फार कामं निघाली. वन्संना कुणी विचारलंच नव्हतं, त्या पिशवी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मी एकटी. मला दोन कशाला लागतात?"

तपासणीला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. नर्सने विचारलं, "काही खाल्लं का?"

"नाही."

"चहा?"

"नाही गं. नुसतं दही-साखर."

नर्सने कपाळाला हात लावला. "अहो, ते खाण्यात धरत नाहीत," वन्संनी तिला समजावलं. आम्ही तसेच परत आलो. पुढच्या खेपेला त्या दही-साखरेवाचून निघाल्या, तोंड पाडून. तिथे ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, तर म्हणाल्या, लिंबू असतं तर बरं झालं असतं. रिपोर्टात साखर काठावर आली. वन्संच्या मते दोष दह्याचा, ते न खाता निघाल्याचा.

डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण काठावर आहात. उद्या पलीकडे गेलात तर एकुलत्या किडनीवर सगळा भार येईल. तुमची घेता येणार नाही."

"काठावरचं माणूस मागेही सरकतं की."

"सरकून दाखवा. टिकलं तर बघू. वचन देत नाही."

त्याच दिवशी गुळाचा डबा माझ्याकडे आला. वन्सं रोज सकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जायला लागल्या. प्रसाद मात्र घ्यायच्या नाहीत. पुजाऱ्याला सांगायच्या, "देवाला सांगा, माझा राग नाही, डॉक्टरचा हुकूम आहे." त्यांचं पिठलं पिठल्यासारखं लागायला लागलं. ह्यांना ते बघवेना. म्हणाले, "ताई, माझ्यासाठी एवढं नको करूस."

"गप रे. किडनी देतेय, सल्ला मागत नाहीये."

साखर उतरली आणि उतरलेली राहिली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि मगच किडनी घेतली. ह्यांना पुढे बरीच वर्षं मिळाली, तीही धडधाकट. वन्संनी मात्र परत गोडाला हात लावला नाही. उरलेली एक सांभाळायची होती.

शेवटी ह्यांचं हृदय थांबलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वन्सं सांगायच्या, "किडनी शेवटपर्यंत चालू होती हं." तेराव्याला गोडाचं जेवण होतं. त्यांच्या पानात लाडू वाढायची मला सवयच राहिली नव्हती. त्यांनीच मागितला. अर्धा खाल्ला, उरलेला पानाच्या कडेला ठेवला.

"फार गोड झालाय गं," म्हणाल्या.

त्यांनाही जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. डबा अजून माझ्याकडेच आहे. बाहेर निघताना कधी कधी मी आपल्याच तळहातावर दही-साखर घेते, चाटते आणि त्याच चिकट हाताने कुलूप लावते. पूर्वी कुलूप लावायचं कामच नसायचं. मागे दारात कुणीतरी उभं असायचं.