आईवर गेलेली लेक

चावीवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या सांदीत कोंबलेली टपरी. आत तो बसला की दुसऱ्याला उभं राहायलासुद्धा जागा उरत नसे. तीस वर्षं तो तिथंच बसला, मांडीवर पितळेचा कीस झेलत. मूळ चावी यंत्रात एका अंगाला आवळायची, कोरी दुसऱ्या अंगाला, आणि एकेक खाच उतरवून काढायची. कुणी नकलेची नक्कल मागितली की मात्र गडी वैतागे. "मूळ आणा. हिच्यात एक खाच चुकलीय, ती पुढच्या प्रत्येकीत उतरणार. यंत्राला काय अक्कल? दाखवाल ते उतरवतं."

त्याची आई चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीच्या कॅन्सरनं गेली. धाकटी बहीण एक्केचाळिसाव्या. बहीण म्हणजे आईचा छापा. त्यावरून घरात समजूत बसली, की हे दुखणं आईच्या तोंडवळ्याबरोबर येतं. त्याची लेक जन्मली ती थेट त्याच्या बायकोवर गेलेली, तेच नाक, तोच तिरसट जबडा. चावीवाल्याचा जीव भांड्यात पडला. पुढं सत्तावीस वर्षं, येईल त्याला तो सांगत राहिला, "आमची पोर सगळी आईवर गेलीय बरं का."

मग एका दुपारी बहिणीची मुलगी टपरीपुढं येऊन उभी राहिली.

"मामा, मी रक्त तपासून घेतलं. जनुकात दोष निघालाय. आईकडून आलेला."

त्याचा हात थांबला. "म्हणजे तुला झालं?"

"झालं नाही. पण इतर बायकांपेक्षा व्हायचा धोका पुष्कळ जास्त. आईला तो आजीकडून आला असणार. तुम्हीही आजीचेच. तुमच्यात असेल किंवा नसेल, निम्मं-निम्मं."

"मी बाप्या माणूस. मला कसला छातीचा कॅन्सर?"

"बाप्यांनाही होतो, क्वचित. पण तुमच्या एकट्याचं नाही हे. तुमच्यात निघाला तर तुमच्या पोरीत असायचीही शक्यता निम्मी."

"ती आईवर गेलीय."

"नाक गेलंय आईवर, मामा. आत काय आलंय ते तोंडावर दिसत नसतं."

तिनं दवाखान्याचा पत्ता लिहिलेला कागद दिला. त्यानं तो यंत्राखाली सरकवला आणि म्हणाला, "बघू."

हे 'बघू' त्यानं सात महिने पुरवलं. भाचीचा फोन आला की दुकानात गर्दी आहे म्हणे; गर्दी म्हणजे दिवसाला चार गिऱ्हाइकं. आजाराची त्याला फारशी भीती नव्हती. पोरीला जे काही आलं असेल ते आपल्या हातून गेलं, एवढं मात्र त्याला ऐकायचं नव्हतं.

आठव्या महिन्यात भाचीच्या तपासणीत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ सापडली. फारच लवकर सापडली, म्हणून नीट निघाली. तो भेटायला गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आईची लिंबाएवढी झाल्यावर कळली होती."

दुसऱ्या दिवशी त्यानं रक्त दिलं. त्याच्यात दोष निघाला. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, की तुमच्याकडं या जनुकाच्या दोन प्रती, एक धड, एक चुकलेली. मुलीला त्यातली एकच जाते. "कळलं," तो मध्येच म्हणाला. "कुठली गेली ते तिला तपासल्याशिवाय कळायचं नाही."

त्या संध्याकाळी लेक कामावरून आली. तिचे बूटही निघाले नव्हते, तोवर त्यानं सगळं सांगून टाकलं.

"सात महिने?" ती म्हणाली.

"मला वाटलं, तू आईवर..."

"वाटलं, का तसं वाटून घेतलंत?"

तिसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन रक्त देऊन आली.

महिन्यानं निकाल आला. तिच्यातही होता.

"मी दिलं तुला," तो म्हणाला.

"आजीनं तुम्हाला दिलं, तेव्हा तिला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग तुम्हाला तरी कुठं होतं? त्याबद्दल मी चकार शब्द काढायची नाही. पण ते सात महिने तुमचे, बाबा. ते मी विसरणार नाही."

आता दर वर्षी तपासणी. पहिल्या एमआरआयला तो बरोबर गेला. दाराशी तिनं कानातलं, साखळी, घड्याळ काढून त्याच्या ओंजळीत टाकलं आणि आत गेली. पाऊण तास तो ओंजळ न मिटता बाकावर बसून राहिला. आतून यंत्राची खडखड येत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "मुलगी का?" त्यानं नुसती मान हलवली. कुणावर गेलीय, ते काही सांगितलं नाही.

ती बाहेर आली, एकेक दागिना उचलून घालू लागली.

"तीन दिवसांनी फोन येईल. फॉर्मवर तुमचा नंबर लिहिलाय."

"माझा कशाला?"

"मी कामावर फोन उचलत नाही. तुम्ही उचला, आणि काय असेल ते मला सांगा."

"लगेच सांगीन," तो म्हणाला.

तिनं साखळीचा फासा लावला, त्याच्याकडं एकदा नीट बघितलं आणि जिन्याकडं वळली.