प्रमुख पाहुण्यांची मांडी

सूडाइतकी शिस्त दुसऱ्या कुठल्याही व्रतात नाही. मी ते बारा वर्षं पाळलं. त्याच काळात तळलेलं सोडायचं व्रत तीनदा घेतलं होतं. ते पौडच्या वड्यापुढे एकदाही टिकलं नाही.

बारा वर्षांपूर्वी मी मुळशीहून पुण्याला येऊन स्ट्रेंग्थ कोचच्या परीक्षेला बसलो. परीक्षक आमच्या क्षेत्रातलं मोठं प्रस्थ होते. खांद्यावर बार घेऊन मी खाली बसलो, तेव्हा त्यांनी माझ्या उजव्या पायावर पेन रोखलं. "बघा, टाच उचलली. ही मुळशीची उठाबशी. याला स्क्वॉट म्हणत नाहीत." सगळा वर्ग हसला. खांद्यावर वजन असल्यामुळे मला हसण्यात सामील होता आलं नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या परीक्षकाकडे पास झालो, पिरंगुटला पत्र्याच्या शेडमध्ये जिम काढली. ते वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही.

यंदा कोच लोकांच्या विभागीय शिबिराचं यजमानपद माझ्याकडे आलं. प्रमुख पाहुणा यजमानाने ठरवायचा असतो. मी त्या पहिल्या परीक्षकांनाच बोलावलं. त्याआधी हिंजवडीतल्या एका कार्यक्रमात मी त्यांना खुर्चीत बसताना पाहिलं होतं. दोन्ही हात टेकून, इंचाइंचाने, चेहरा भिंतीकडे वळवून. गुडघे गेले होते.

माले गावाच्या अलीकडचं मंगल कार्यालय घेतलं. व्यवस्थापकाने विचारलं, "जेवायला टेबलं किती मांडू?"

"एकही नको. पंगत."

"आवो, शहरातली मानसं हायेत. त्यांना खुर्च्या लागत्याल."

"म्हणूनच," मी म्हणालो.

शिबिराच्या सकाळी शाल, श्रीफळ, फेटा, सगळं मी माझ्या हातांनी दिलं. मग त्यांचं व्याख्यान झालं: खुर्चीने बिघडवलेला माणूस. मांडी विसरलेला समाज उभा राहू शकत नाही, असं ते दीड तास सांगत होते, पोडियमला धरून. टाळ्या सर्वांत आधी मी वाजवल्या.

दुपारी पंगत मांडली. त्यांच्या जागेभोवती रांगोळी काढायला सांगितली होती. साठ कोच मांडी घालून बसले, पानात आंबेमोहोर भात आणि वरण पडलं, आणि प्रमुख पाहुणे रांगोळीपाशी उभेच. स्वयंपाकाला माले गावच्या मावशी होत्या. त्यांतली एक तुपाचं भांडं घेऊन म्हणाली, "बसा की सायेब. आमच्यात पावना बसल्याबिगर कुनी घास घेत न्हाई. भात गार व्हतोय."

"सर," मी नम्रपणे म्हणालो, "सकाळी सांगितलंत तशीच. मांडी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटली की नाही कळलं नाही. माझा खांदा धरून ते खाली गेले. ती पाच बोटं मला दोन दिवस दुखत होती. पण मांडी घातली. सावकाश जेवले, भात दोनदा मागितला.

पंगत उठली. ते उठले नाहीत.

मग साठ कोच भोवती जमले आणि चर्चासत्र सुरू झालं. आधी श्वास रोखा. नाही, आधी एक गुडघा टेकवा. नाही, भार कमरेवर घ्या. प्रत्येकाकडे प्रमाणपत्र होतं, हात कुणीच लावत नव्हतं. मावशी पत्रावळ्या उचलता उचलता म्हणाली, "येवढी पैलवान मानसं, आन एक म्हातारं उठंना व्हय?"

मी पुढे झालो. बारा वर्षं याचीच वाट पाहिली होती: त्यांनी माझ्या आधाराने, सगळ्यांदेखत उठावं. मोबाइल वर झाले. मी त्यांच्यासमोर खाली बसलो, काखांत हात घातले, त्यांनी मानेला मिठी घातली. मी उचलायला लागलो, तेव्हा ते कानाशी हळूच म्हणाले, "टाच."

उभे राहिल्यावर त्यांनी शाल सारखी केली आणि ताक मागितलं.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. या वयात जमिनीवर बसून जेवणारा थोर माणूस, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. खाली हात जोडल्याच्या रांगा. उचलणाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. तिथेच, कार्यालयाच्या पायरीवर मी त्यांना उचलतानाचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

उजवी टाच उचललेली आहे.