पांढरीचं रान

मुखेडहून जळकोटकडे जाणारा एक रस्ता रुंद होणार होता. खोदकाम सुरू होण्याआधी त्या पट्ट्यात जुनं काही आहे का, हे पायी फिरून पाहायचं काम आमच्या पुरातत्त्व कचेरीकडे होतं. जुनी वस्ती, वीरगळ, बारव, जे दिसेल त्याची नोंद करायची. आम्ही दोघी होतो. मी नांदेडची, या कामात मुरलेली. ती हिमायतनगरकडच्या शेतकरी घरातली, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली.

तिला सगळं सापडायचं. मी नकाशा धरून ओळीत चालायचे, ती बांधावर बसून बायकांशी तुरीच्या, म्हशींच्या गप्पा मारायची आणि उठताना म्हणायची, "ताई, त्या लिंबाखाली एक कोरीव दगड आहे म्हणे." असायचाच. आमचे साहेब तिला सापडलेल्या वस्तूंचेच फोटो अहवालात पुढे लावायचे. मी "छान" म्हणायचे आणि जेवताना तिच्यापासून लांब बसायचे.

एका दुपारी ती माझ्याकडे आली. आदल्या दिवशी मी फिरलेल्या रानाबद्दल बोलायचं होतं तिला. माझ्या नोंदीच्या पत्रकात त्या रानापुढे 'काही आढळले नाही' असं लिहिलेलं होतं.

"ताई, तिथली आजी त्या रानाला पांढर म्हणते. माती राखेसारखी आहे. विहीर खणताना रांजण निघाला होता म्हणे."

पांढर म्हणजे जुन्या गावाची जागा, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलेलं. तरी मी म्हणाले, "खत म्हणून बाहेरून आणून टाकलेली माती आहे ती. लोक काहीही सांगतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली. माझं पत्रक तसंच वर गेलं.

रविवारी मला घरात बसवेना. मी एसटीनं एकटीच गेले. तूर काढून रान मोकळं झालं होतं. खुंटांमधून दहा पावलं चालले असेन, पायाखाली खापरं लागली. काळी, तांबडी, आतून गुळगुळीत. परवा मी इथूनच गेले होते, मान खाली घालून, तिच्यावर चरफडत.

आजी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी ओळख सांगितली तर म्हणाली, "ती पोरगी न्हाई आली व्हय? लई मायेची हाय. तिला सांगितलंय म्या समदं."

"मला पण सांगा की," मी म्हणाले.

"तिलाच इचार," आजी म्हणाली आणि दाणे टाकत राहिली.

सोमवारी मी दुरुस्त केलेलं पत्रक दिलं. 'शोध कोणास लागला' या रकान्यात माझं नाव लिहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "चूक मान्य करून परत जाणारी माणसं कमी असतात," म्हणाले. ती शेजारीच उभी होती. टाळ्या थांबल्यावर तिनं हळूच विचारलं, "आजी बरी आहे ना? गुडघा लई दुखत होता तिचा."

त्या गुडघ्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. ती माझ्याशी भांडली असती तर मी गप्प बसले असते. संध्याकाळ होण्याआधी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसून परत लावला, मग माझं नाव खोडून तिचं लिहिलं. पुढे दोन महिने मला कचेरीतच बसवलं. तिला मी सॉरी म्हणाले. "झालं ते झालं, ताई," ती म्हणाली. मनापासून म्हणाली असावी. मला ते अजूनच झोंबलं.

रस्त्याची आखणी थोडी सरकली. त्या रानात चाचणीचे खड्डे घेतले तेव्हा मलाही बोलावलं होतं. हातभर खाली चुलीची जळकी माती निघाली, तिच्या कडेला एक आख्खं मडकं. गावातली माणसं जमली होती. आजीला धरून आणून खड्ड्याच्या काठावर बसवलेलं. माझी सोबतीण खड्ड्यात उतरून ब्रशनं माती झाडत होती. आजी वाकून तिच्याशी काहीतरी बोलली, दोघी हसल्या. मी मोजपट्टी धरून पलीकडच्या काठावर उभी होते. चूक कबूल केली होती, शिक्षाही भोगली होती. तरी त्या दोघी कशाला हसल्या हे मला कळलं नाही, आणि ते विचारायला माझी जीभ काही रेटली नाही.