गाडीत बोलायचं नाही

आमचे हे जन्मभर लाकडाच्या मिलमध्ये करवतीपाशी उभे राहिले आणि घरी कधी धड बसले नाहीत. जेवता जेवता उठतील, नळ बघतील, खिडकी लावतील, पुन्हा उघडतील. "अहो, पायाला भिंगरी आहे का?" मी विचारायची. निवृत्त झाले आणि मालकाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असलेली जुनी गाडी घेऊन आले. झालं! आगीत तेल.

गाडी देखणी, खोटं कशाला बोलू. दोनच दारं, लांबलचक नाक, लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा. "ही भाजी आणायची गाडी नव्हे," हे छाती फुगवून सांगायचे. "लांबच्या प्रवासासाठी बनवलीय. सकाळी निघावं, डोंगर ओलांडावा, आणि अंग न दुखता उतरावं."

डोंगर! टोलनाका ओलांडला असेल तर शपथ.

कारण काय, तर आवाज. गाडी सुरू झाली की ह्यांचा एक हात वर. "श्शू! बोलू नकोस. ऐकलंस?" मला कध्धी काही ऐकू आलं नाही. कुठे म्हणे किर्र, कुठे टिक. मला मागच्या सीटवर वाकवून पत्र्याला कान लावायला लावायचे. मग गाडी माघारी, बॉनेट वर, दिवस पाण्यात. गल्लीतली पोरं ह्यांना तोंडावर 'श्शूकाका' म्हणतात.

लेक डोंगरापलीकडे राहते. तिची मुलगी शाळेत जायला लागली, तरी ह्यांनी तिचं घर पाहिलेलं नाही. मी आपली बसने जाऊन येते. ह्यांचा हेका एकच, "येईन तर माझ्या गाडीने." सुरुवातीला ती बिचारी स्वयंपाक करून वाट बघायची. आता 'बाबा येतायत का' एवढंसुद्धा विचारत नाही. फोन ह्यांच्या हातात दिला तर दोन शब्द बोलून मला परत देतात. असा संताप येतो मला!

परवा सकाळी ह्यांनीच टूम काढली. "आवर. आज जायचंच. महिनाभरात एक आवाज नाही, गाडी ठणठणीत आहे." निघण्याआधी पान्याने चाकांचे नट ठोकून पाहिले. घट्ट नट खण्ण वाजतो आणि सैल असला तर बद्द, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी आत पिशवी भरत होते. बाहेर आले तर हे मान डोलावत उभे.

टोलनाका मागे पडला! माझा विश्वास बसेना.

आणि आवाज आला. खट. खट. माझ्या बाजूच्या पुढच्या चाकातून. मी ह्यांच्या हाताकडे पाहिलं, आता वर जाईल. हात स्टिअरिंगवरच. "बघ कशी चाललीय," म्हणाले.

मी गप्प. हो, गप्प! बोलले तर गाडी फिरली आणि लेक राहिली. पण खटखट वाढत चालली, आणि मला बसवेना. पिशवीचे बंद पिळून पिळून बोटं लाल झाली. मागून एक ट्रक हॉर्न बडवत होता, माझे कान किटले. ह्यांनी आरशातही बघितलं नाही. ट्रक शेजारून गेला तेव्हा दचकले. "हा कुठून उगवला?"

आणि मला एकेक आठवायला लागलं. टीव्ही मोठ्याने लावणं, मी हाक मारली की 'अं?' करणं. मी म्हणत होते, मुद्दाम करतात. अगंबाई, म्हणजे गाडी ठणठणीत झालीच नव्हती!

"अहो, थांबवा. आवाज येतोय."

"अं?"

"आवाज येतोय!" मी किंचाळले.

"काहीतरीच. मला येत नाही आणि तुला येतो?"

"हो. मला येतो."

गाडी कडेला थांबली. हे समोर बघत राहिले, जागचे हलले नाहीत. इतकं स्थिर बसलेलं मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मग म्हणाले, "कसा येतोय? करून दाखव."

भर रस्त्यात, ह्या वयात, मी ओरडून ओरडून तोंडाने खटखट करून दाखवली. हे सरळ त्या चाकापाशी गेले. नट बोटांनी फिरत होते.

"चाक निघालं असतं गं," ते म्हणाले. "तुझ्याच बाजूचं."

त्यांनी नट आवळले. मग एकेक ठोकत गेले, पण नजर माझ्या तोंडावर. मी मान डोलावली की पुढचा. एकाला मी नाही म्हटलं, तो पुन्हा आवळला.

गाडीत बसलो. आता माघारी, मी मनात म्हटलं, आणि मला रडूच आलं. ह्यांनी हात वर केला. मी सवयीने तोंड मिटलं.

"अगं, गप्प काय बसतेस? लेकीला फोन लाव. येतोय म्हणून सांग."

"तुम्हीच सांगा की एकदा!"

"गाडीचा आवाज येईनासा झालाय हे मला माहीत नव्हतं," किल्ली फिरवत ते म्हणाले. "पण पोर फोनवर काय बोलते ते मला हल्ली ऐकूच येत नाही. म्हणून तर आज निघालो."