हिरव्या बटणाचा मान

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तू कॉलेजात इंग्रजी शिकवायचीस, मग तुला इंजिनाच्या व्हॉल्व्हचं इतकं कसं कळतं?" तेव्हा तुमचे आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी शाळेच्या डब्याकडे विषय वळवला. खरं उत्तर आता लिहून देते. मला ते हेव्यातून कळलं. ज्ञानाची ओढ, जिज्ञासा हे शब्द मी वर्गात मुलांना निबंधासाठी द्यायची. इथे ते चालणार नाहीत. मला तुमच्या मामीचा हेवा वाटला, आणि तो इतका वाटला की शेवटी इंजिन शिकावं लागलं.

आजोबांचा बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना तुम्ही लहानपणी पाहिला आहे. आत शिरल्यावर तुम्ही दोघांनी नाकं दाबली होती. तिथे इंजिनाचे रॉकर बनतात. रॉकर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसलेले छोटे लोखंडी हात, जे व्हॉल्व्ह दाबून उघडतात. टिळकवाडीतलं आपलं घर, तुमच्या आईचं आणि मामाचं शिक्षण, सगळं त्या छोट्या हातांवर उभं राहिलं. पण मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. आजोबा संकेश्वरजवळच्या खेड्यातले, पण लग्न झाल्यापासून माझ्याशी ते पुस्तकातल्यासारखी मराठी बोलत. "आपण जेवून घेऊया का?" "तुझं वाचन झालं असेल तर दिवा मालवू का?" मी त्यांना तसं बोलायला कधी सांगितलं नव्हतं, पण मला ते आवडायचं. फक्त कारखान्याचा विषय दोन वाक्यांत संपायचा.

"आज काय बनवलंत?"

"नेहमीचंच. तुला कंटाळा येईल."

मी ते खरं धरून चालले. कारखान्यात सांगण्यासारखं काही नसावं, असं मला वाटायचं.

मग मामी आली. तुमच्या मामाला तेलाचा वास सोसत नाही, तो बँकेतच बरा. मामी निपाणीची. तिची आई आणि आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या, आणि ती बेळगावात शिकून मेकॅनिकल इंजिनिअर झाली, पुण्याला इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत होती. लग्न झाल्यावर ती सरळ आजोबांना म्हणाली, "आप्पा, मी तुमच्याकडंच येतो की कामाला." निपाणीकडे बायकाही 'येतो', 'जातो'च म्हणतात. आजोबांना किती आनंद झाला हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं काही दिवसांनी, ताटावर.

"आप्पा, लिफ्ट किती मिळाली?" मामीने भाकरी मोडता मोडता विचारलं.

"मधल्याची साडेनऊ मिलिमीटर. पर पिन काय बसंना गं. अर्धी जातीया आन् टक्कन भाईर येतीया."

"भोकं एका लायनीत हायत काय बघितलासा?"

"बघितलो की. लई येळा बघितलो."

"मग दाब कमी पडतोय."

"दाब न्हाय गं पोरी, दाब लई हाय. दुसरंच कायतरी हाय."

माझ्या हातात आमटीची पळी तशीच राहिली. 'बसंना', 'भाईर', 'लई येळा'. हे शब्द आजोबांच्या तोंडून मी कधीच ऐकले नव्हते. आवाजसुद्धा निराळा होता, मोकळा, थोडा ओरडल्यासारखा. बोलताना ते हात हलवत होते, ताटातल्या लिंबाच्या फोडीने काहीतरी दाखवत होते. मी इतकी वर्षं ज्यांच्यासमोर बसून जेवले त्यांच्या आत असा एक माणूस होता, आणि तो मला कधी भेटला नव्हता. निपाणीहून आलेल्या मुलीला तो एका आठवड्यात भेटला.

ते कशाबद्दल बोलत होते ते आधी सांगते. मला तेव्हा कळत नव्हतं, तुम्हाला तरी कळू दे.

इंजिन हवा आत ओढतं. ती ज्या दारातून आत येते ते दार म्हणजे व्हॉल्व्ह. ते दार उघडायला एक दांडा फिरत असतो आणि त्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. कॅमचं टोक रॉकरला ढकलतं, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. दार किती उघडलं, त्याला म्हणतात लिफ्ट. आता गाडी खडेबाजारातून हळूहळू जात असेल तर दार थोडं उघडलेलं बरं, पेट्रोल कमी लागतं आणि इंजिन शांत चालतं. पण तीच गाडी तवंदीचा घाट चढायला लागली की तिला भरपूर हवा हवी, दार सताड उघडायला हवं. साध्या इंजिनात कॅम एकच, त्यामुळे दार नेहमी एकाच मापाने उघडतं. आजोबा आणि मामी जे बनवत होते त्यात दोन बुटके कॅम आणि त्यांच्या मधोमध एक उंच कॅम. तीन कॅमवर तीन रॉकर, शेजारी शेजारी. एरवी बाजूचे दोघं बुटक्या कॅमवर चालतात आणि व्हॉल्व्ह थोडे उघडतात. मधला उंच कॅमवर उड्या मारतो, पण त्याच्याखाली नुसती स्प्रिंग, तो कशालाच उघडत नाही. घाट आला की तेलाचा दाब एका पिनेला ढकलतो, ती तिघांच्या भोकांतून आरपार जाते आणि तिघं मिळून एक होतात. मग मधला उड्या मारेल तेवढे सगळे उड्या मारतात, आणि दार पूर्ण उघडतं.

ती पिन बसत नव्हती, एवढीच गोष्ट. पण त्या पिनेवर आमच्या घरची कितीतरी जेवणं झाली. पुण्याच्या एका कंपनीला नमुना द्यायचा होता. मी अधूनमधून विचारायची, "ती पिन म्हणजे नेमकं काय?" लगेच दोघांचे आवाज खाली यायचे. आजोबा म्हणायचे, "ते थोडं क्लिष्ट आहे." मामी म्हणायची, "सांगेन ना आई, सावकाश." माझ्याशी बोलताना तीही शुद्ध बोलायची. जणू घरात साहेब आले आहेत आणि साहेबांना घाम दाखवायचा नाही. मग मी म्हणायची, "भाजी वाढू?" दोघं एका सुरात "नको" म्हणायचे आणि पुन्हा सुरू.

एके दिवशी दोघं हसत हसत घरी आले. मामीने शोधून काढलं होतं की मधल्या कॅमची पाठ, म्हणजे उंचवट्याच्या विरुद्ध बाजूचा गोल भाग, किंचित जास्त घासली गेली होती. आजोबांनी नवा कॅम घासून बसवला आणि पिन बसली. मामा म्हणाला, "अभिनंदन." मीही म्हणाले. मग मी आत जाऊन दूध तापत ठेवलं आणि ते उतू गेलं तरी तिथेच उभी राहिले.

पण खंडेनवमी जवळ आली होती, आणि खंडेनवमीचा मान माझा होता. त्या दिवशी कारखान्यातली यंत्रं धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. आणि त्या वर्षी जे यंत्र नवीन आलं असेल त्याचं हिरवं बटण मालकाची बायको दाबते. लग्न झाल्यापासून ते मीच दाबत आले. या वर्षी नवीन काय होतं? ती पिन ज्यावर तपासायची ते व्हॉल्व्हचं चाचणीचं टेबल. एका विजेच्या मोटरवर इंजिनाचं डोकं बसवलेलं आणि वर पारदर्शक झाकण. मला भीती होती की आजोबा म्हणतील, हे तिने केलंय, तीच दाबू दे. मी सकाळपासून जांभळी इरकल नेसून ते वाक्य ऐकायची तयारी करत होते.

आजोबा तसं म्हणाले नाहीत. पूजा झाली, त्यांनी माझ्यापुढे हात केला. "ये, तू दाब." मी बटण दाबलं. मोटर घुमली, झाकणाखाली सगळं चालू झालं, कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच बरं वाटलं, पण ते अगदी थोडा वेळ टिकलं. कारण टेबलावर आणखी एक बटण होतं, काळं, साधं, त्याला कुणी कुंकूसुद्धा लावलं नव्हतं. आजोबा आणि मामी दोघं एकदम त्याच्याकडे वाकले.

"सोडू काय, आप्पा?"

"सोड की, बघतीस काय!"

तिने काळं बटण दाबलं आणि तेलाचा दाब पिनेवर आला. आवाज बदलला, जाडा झाला. ती पिन आत गेली होती. आजोबांनी मामीच्या पाठीवर धप्पकन थाप मारली आणि दोघांची डोकी झाकणावर एकत्र आली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पेढे वाटायचे होते ते मी वाटले.

शोभेचं बटण माझं आणि खरं बटण तिचं, हे मला त्या दिवशी स्वच्छ कळलं. त्या बटणावर माझा मुळीच डोळा नव्हता. मला एवढंच हवं होतं की आजोबांनी माझ्याशी तसं बोलावं. त्यासाठी एकच वाट दिसत होती.

मी शिकायला बसले. मामीला विचारणं शक्य नव्हतं, आजोबांना तर नाहीच. दुपारी व्हरांड्यात बसून फोनवर व्हिडिओ पाहिले, चित्रं काढली, कणकेचे कॅम करून लाटण्याला चिकटवले. काम करायला येणारी बाई म्हणाली, "आक्का, ह्ये काय नवीन पक्वान्न?" मी तिला हो म्हटलं. सगळं समजलं, पण एक गोष्ट चित्रात बघून समजेना. इतक्या वेगात उड्या मारणाऱ्या तीन हातांमध्ये ती पिन शिरते कधी? आजोबा एका लग्नासाठी नंदगडला गेले, त्या दिवशी मी रिक्षाने कारखान्यात गेले.

मामी दचकली. "आई? आप्पांनी पाठवलं का?"

"मला कुणी पाठवत नाही. ते टेबल हाताने फिरवता येतं का?"

"येतं ना. पण कशाला?"

"पिन शिरते कधी ते बघायचंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने तेलाचा पंप चालू केला, दांड्याला पाना लावला आणि पाना माझ्या हातात दिला. काळं बटण तिने दाबलं. मी पाना हळूहळू ओढायला लागले. पिन दाबाने पुढे येऊन मधल्या हाताच्या बाजूला टेकून थांबली होती. लोखंडी हात वर गेले, खाली आले. कॅमच्या गोल पाठी वर आल्या, तिन्ही हात शांत झाले, तिन्ही भोकं एका रेषेत आली आणि टिक्. ते पान्यातून माझ्या हाताला कळलं. पुढचा फेरा एकदम जड लागला.

"शिरली बघा आई, शिरली!" मामी ओरडली. आणि मग ती पुढे बोलतच राहिली, दाबाचं, तेलाचं, पिनेच्या कडेला दिलेल्या गोलाईचं, सगळं निपाणीच्या बोलीत. ती माझ्याशी प्रथमच तशी बोलत होती. मी मन लावून ऐकलं, आणि तरी मनात आलं, हिला सगळं येतं.

चहा पिताना मी म्हणाले, "तुझं बरं आहे. हे तुझ्याशी कसे मोकळे बोलतात!"

"माझं?" ती हसली. "आई, खरं सांगू काय? ताटावर बसून मी रोज जळतो. 'आपण जेवून घेऊया का.' आमच्यात माझ्या आईला असं कुणी विचारलं न्हाय. तुमचा लेक मला 'जेवलीस काय' एवढं पण इचारत न्हाय."

"अगं, ती पाहुण्यांशी बोलायची भाषा आहे."

"मग मला करा की पाहुणी!"

तिला माझा हेवा वाटतो हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला फार बरं वाटलं. दुसरा कप मी मागून घेतला.

आजोबा परत आले त्या संध्याकाळी जेवताना मी सहज सांगावं तसं म्हणाले, "पिन बाहेर फेकली जायची, कारण मधल्या कॅमची पाठ खोल गेली होती. म्हणून मधला हात किंचित खाली राहायचा आणि भोकं जुळायची नाहीत. बरोबर ना?"

आजोबांचा घास हातातच राहिला. चेहरा उजळला. मी वाट पाहत होते. आणि ते मामीकडे वळले.

"आगं, हिला कळलं की गं! लई बेस!"

"अहो, मला सांगा," मी म्हणाले. "तिला कशाला सांगता?"

"हो, खरंच. तू फारच छान समजून घेतलंस."

"असं नाही. तिला सांगितलंत तसं."

मामीने पाण्याचा पेला तोंडाला लावला. मामा मोबाइलमधून वर पाहू लागला. आजोबांनी घसा साफ केला. "तुला... लई..." एवढं म्हणाले आणि कान लाल झाले. "नाही जमत. तुझ्यापुढे तोंडात येतच नाही ते. तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या वडिलांसमोर खुर्चीच्या टोकावर बसलो होतो. तसाच बसलोय अजून."

मी त्यांच्या ताटात भात वाढला.

आता ते मला रोज कारखान्याचं सांगतात. सविस्तर सांगतात, माझ्या प्रश्नांना उत्तरं देतात, कंटाळा येईल असं म्हणत नाहीत. माझ्यासाठी व्हॉल्व्हला मुद्दाम 'झडप' म्हणतात. कारखान्यात कुणीही झडप म्हणत नाही. हेवा गेला का, असं तुम्ही विचाराल. नाही गेला. परवाच ते मला झडपेचं काही समजावत होते, तेवढ्यात मामी आली आणि वाक्य अर्धं सोडून ते ओरडले, "आगं ए, पुण्याचं सँपल गेलं काय?" दोघं अंगणात जाऊन हसत उभे राहिले. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते, ती जरा जोरातच लावली.